व्हॅक्यूम किंवा चिमटा लावण्यास आम्ही आधीच नकार द्यावा का?

खानापूरचा वाचक

नमस्कार. माझ्या पत्नीला सदतिसावा आठवडा लागला असून हे आमचे पहिलेच बाळ आहे. रीतीप्रमाणे ती बाळंतपणासाठी माहेरी, कणकुंबीच्या बाजूला गेली आहे आणि तिची तपासणी बेळगावातील एका रुग्णालयात सुरू आहे. आजवरचे सर्व अहवाल चांगले आहेत, बाळाचे डोके खाली आहे आणि रक्तदाबही ठीक आहे. मागच्या शनिवारी डॉक्टर ताई कार्डावर नोंद करत असताना सहज म्हणाल्या, "आपण नॉर्मलची वाट पाहू, अगदी शेवटी गरज पडली तर व्हॅक्यूम लावू." व्हॅक्यूम म्हणजे बाळाच्या डोक्याला वाटी चिकटवून त्याला बाहेर ओढण्याचे उपकरण, एवढेच आम्ही ऐकून होतो. पुढच्या रुग्णाला आत बोलावल्यामुळे आम्हाला काही विचारता आले नाही. त्या एका वाक्यानंतर माझी पत्नी नीट झोपलेली नाही.

तिच्या भीतीला कारण आहे. तिच्या मावसबहिणीचे मूल चिमटा (फोर्सेप्स) लावून झाले होते आणि त्याच्या गालावर काही दिवस लाल वळ होते. त्यांच्याच गल्लीत पाच वर्षांचा एक मुलगा आहे, ज्याला अजून नीट चालता-बोलता येत नाही. त्याच्याविषयी सगळे "ते ओढून काढलेले मूल आहे" असेच सांगतात. सासूबाईंचे स्पष्ट मत आहे की आपण आधीच लिहून द्यावे, हत्यार लावायचे नाही, अडले तर थेट सिझर करावे.

व्हॅक्यूम आणि चिमटा यांमुळे बाळाच्या मेंदूला इजा होते, यात तथ्य किती आहे? आधीच नकार देणे शहाणपणाचे आहे का? आणखी एक अडचण अशी की रुग्णालयातील संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत आहे. आम्ही दोघेही मराठी माध्यमातून शिकलो. कन्नड बोलता येते, पण छापील परिच्छेद वाचून अर्थ लावणे जमत नाही. ज्या कागदावर सही करायची, त्यात काय लिहिले आहे हे कळावे एवढीच इच्छा आहे.

स्त्रीरोगतज्ज्ञ, बेळगाव

आपला प्रश्न रास्त आहे आणि आपल्या डॉक्टरांनी तो विषय काढला हेही बरे झाले, फक्त तो एका वाक्यात संपायला नको होता.

प्रथम हे उपकरण कोणत्या टप्प्यावर लागते ते समजून घ्या. कळा सुरू होऊन गर्भपिशवीचे तोंड पूर्ण, म्हणजे १० सेंटिमीटर उघडल्यानंतर बाळ बाहेर येईपर्यंतचा जो काळ असतो, त्यातच व्हॅक्यूम किंवा चिमट्याचा विचार होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार पहिलटकरणीला या टप्प्यात साधारणपणे ३ तासांपर्यंत आणि आधी बाळंत झालेल्या स्त्रीला २ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. एवढा वेळ जोर करूनही बाळ पुढे सरकत नसेल, आई पूर्ण दमली असेल, बाळाच्या हृदयाचे ठोके घसरू लागले असतील, किंवा आईला हृदयविकारासारखा आजार असून फार जोर करणे धोक्याचे असेल, तेव्हा बाहेरून मदत करावी लागते.

ही मदत वाटेल तेव्हा करता येत नाही. पिशवीचे तोंड पूर्ण उघडलेले, पाणमोट फुटलेली, मूत्राशय रिकामे केलेले आणि बाळाचे डोके कटीत, म्हणजे कमरेच्या हाडांच्या पोकळीत, खोल उतरलेले असले पाहिजे, इतके की पोटावरून तपासताना त्याचा पाचातला एक भाग किंवा त्याहूनही कमी हाताला लागावा. बाळाचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे डॉक्टरांना निश्चित कळलेले असले पाहिजे. डोके वर असताना उपकरण लावणे ही चूक आहे आणि तिथे सिझेरियन हाच योग्य मार्ग आहे. जुन्या पिढीने ज्या भयंकर गोष्टी पाहिल्या-ऐकल्या, त्यांतील बऱ्याच अशा उंच डोक्यावर चिमटा लावण्याच्या काळातल्या आहेत.

व्हॅक्यूममध्ये सिलिकॉनची किंवा प्लास्टिकची वाटी बाळाच्या डोक्यावर, मागच्या टाळूच्या थोडी पुढे बसवतात आणि आतील हवा काढून ती चिकटवतात. कळ आली आणि आईने जोर केला की त्याच वेळी डॉक्टर वाटेच्या वळणाप्रमाणे ओढ देतात. चिमट्याची दोन पाती डोक्याच्या दोन्ही बाजूंना, गालांवरून बसतात, म्हणून मावसबहिणीच्या बाळाच्या गालावर वळ होते. असे वळ बहुधा दोन-तीन दिवसांत जातात.

आता धोक्यांविषयी. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शिकेत दिलेले आकडे सांगतो. आईच्या खालच्या भागाला गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणारी मोठी फाट व्हॅक्यूममध्ये १०० पैकी १ ते ४ जणींना आणि चिमट्यात ८ ते १२ जणींना होते. बाळाच्या कवटीच्या हाडावर रक्त साचून येणारा फुगवटा १०० पैकी १ ते १२ बाळांत दिसतो. तो व्हॅक्यूममध्ये अधिक आढळतो आणि बहुतेक वेळा आपोआप जिरतो. खरी काळजी करण्याजोगी गोष्ट म्हणजे डोक्याच्या त्वचेखालील सैल जागेत पसरणारा रक्तस्राव. तो व्हॅक्यूमच्या १,००० बाळंतपणांत ३ ते ६ वेळा होतो, आणि त्यासाठीच बाळाला पहिल्या दिवशी पुन्हा पुन्हा तपासावे लागते. कवटीच्या आतला रक्तस्राव त्याहूनही विरळा, म्हणजे १०,००० मागे ५ ते १५ इतका आहे. हे आकडे शून्य नाहीत आणि तसे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

पण मग सिझर सुरक्षित, असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही, आणि सासूबाईंना हेच समजावून सांगायला हवे. आधी ठरवून केलेले सिझर आणि डोके कटीत खोल रुतल्यावर केलेले सिझर यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात डोके वर खेचून काढावे लागते, कधी खालून हाताने ढकलावे लागते, पिशवीवरचा छेद बाजूला फाटू शकतो आणि रक्तस्राव वाढतो. बाळाचे ठोके घसरत असतील, तर व्हॅक्यूमने ते काही मिनिटांत बाहेर येऊ शकते. शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि रक्त यांची जुळवाजुळव होईपर्यंत मात्र अर्धा तास सहज जातो. अगोदर सरसकट नकार लिहून दिला, तर नेमक्या त्या मिनिटांतला मार्ग आपणच बंद करतो. नकार देण्याचा हक्क आपल्या पत्नीला आहे आणि तो शेवटच्या क्षणापर्यंत राहतो, परंतु तो परिस्थिती पाहून वापरावा, असे माझे मत आहे.

गल्लीतील मुलाविषयी त्याचे कागद पाहिल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही. मात्र एक गोष्ट सर्वांनी लक्षात घ्यावी. उपकरण लावले जाते ते बहुधा बाळ आधीच त्रासात असते म्हणून. प्राणवायू कमी पडल्याने इजा झालेली असेल, किंवा ती गर्भातच कोणत्याही अन्य कारणाने झालेली असेल, तरी लोकांच्या डोळ्यांना दिसते ती फक्त ओढ. त्या मुलाच्या आईवर आणि तिच्या डॉक्टरांवर आयुष्यभरासाठी ठपका ठेवण्याआधी गल्लीने एवढा विचार करायला हवा होता.

चिकोडी तालुक्यातील एक आई

माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी व्हॅक्यूमने झाली, म्हणून वहिनींसाठी लिहिते आहे. ती आज धावते, बोलते आणि कन्नड-मराठी दोन्ही भाषांत हट्ट करते.

पहाटेपासून कळा देऊन मी दुपारपर्यंत इतकी गळून गेले होते की डॉक्टरांनी वाटी दाखवून "आता आम्ही मदत करतो, पण जोर तुम्हालाच करायचा आहे" असे सांगितले, तेव्हा मला भीतीपेक्षा सुटकाच वाटली. दोन कळांत ती बाहेर आली. खरे हाल त्यानंतर झाले आणि ते कोणीच आधी सांगितले नव्हते. तिच्या डोक्यावर वाटीच्या आकाराचा उंचवटा पाहून माझ्या आईने बाहेर हंबरडा फोडला. तो उंचवटा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बराच बसला. पण त्याच सुमारास उजव्या बाजूला मऊ टेंगूळ आले आणि ते मात्र जवळजवळ दोन महिने राहिले. बालरोगतज्ज्ञांनी ते हाडावरचे साचलेले रक्त असल्याचे सांगून त्याला सुई लावायची नाही, दाबायचे नाही आणि चोळायचे नाही, अशी ताकीद दिली.

इथेच आपल्याकडची गोष्ट येते. आमच्याकडे बाळ-बाळंतिणीला तेल लावायला येणारी मावशी तिसऱ्या दिवसापासून "डोके बसवून देते, नाहीतर मुलगी वाकड्या डोक्याची होईल" म्हणत होती. टाळू भरणे, डोके दाबून गोल करणे हे आपल्या घरांत मायेनेच केले जाते, आणि त्या मावशीच्या हातून गावातली निम्मी मुले वाढली आहेत. तरीही मी सासूबाईंना बालरोगतज्ज्ञांसमोर बसवले आणि त्यांच्याच तोंडून ऐकवले, तेव्हा कुठे डोक्याला हात न लावता बाकीच्या अंगाची मालिश ठरली. साचलेले रक्त जिरताना कावीळ वाढू शकते, हेही मला तिथेच कळले. पाचव्या दिवशी मुलगी पिवळी दिसली म्हणून घरात बसून कोवळे ऊन देत राहण्याऐवजी आम्ही रक्त तपासले आणि दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवले.

वहिनींना एवढेच सांगा की टेंगूळ दिसले तर घाबरू नये, पण सूज मानेकडे किंवा कानामागे पसरताना दिसली, बाळ फिकट पडले किंवा दूध ओढेनासे झाले, तर त्याच क्षणी डॉक्टरांना हाक मारावी. मला ही खूण घरी सोडताना सांगितली गेली. खरे तर ती पहिल्या तासातच सांगायला हवी होती.

निपाणीची वाचक

डॉक्टरांनी जो १०० पैकी ८ ते १२ असा आकडा दिला, त्या आकड्यातली मी एक आहे. माझे बाळंतपण चिमट्याने झाले आणि मुलगा सुखरूप आहे. मला मोठी फाट गेली होती. टाके घातले गेले, पण फाट किती खोल होती हे मला कोणी सांगितले नाही आणि घरी सोडतानाच्या कागदावरही त्याचा उल्लेख नव्हता. पुढचे अनेक महिने मला वायू आवरता येत नव्हता, शौचाची घाई झाली की धावावे लागे, आणि हे कोणाला सांगणार? बाळंतपणानंतर बाईला असे होतच असते, असे म्हणून घरातल्या मोठ्या बायका विषय मिटवत. दुसऱ्या शहरातील डॉक्टरांकडे गेल्यावर वर्षभराने निदान झाले, ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम शिकवले गेले आणि आता मी बरीच बरी आहे.

मी चिमट्याला नकार द्या असे म्हणत नाही. त्या दिवशी मुलाचे ठोके खरोखरच उतरले होते आणि मला तो निर्णय आजही चुकीचा वाटत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की बाळ रडले की सगळे आनंदाने बाहेर धावतात आणि आई टेबलावर एकटी राहते. म्हणून बाळंतपणानंतर स्पष्ट विचारा की फाट गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेली आहे का, ते बोटाने तपासले आहे का, टाके पुरेशा भुलीत आणि चांगल्या उजेडात घातले का, आणि हे सर्व कागदावर लिहून मागा. त्या दिवसांत शौचाला खडा होऊ न देणे फार गरजेचे असते. शेगडीची धग आणि धुरी ताज्या टाक्यांवर घेऊ नये, हेही घरातल्यांना आधीच सांगून ठेवा. ऐन वेळी बाळंतिणीचे कोणी ऐकत नाही.

निवृत्त परिचारिका

मी ३१ वर्षे सरकारी रुग्णालयांच्या प्रसूतिकक्षांत काम केले, त्यातील बरीच वर्षे याच जिल्ह्यात. उपकरण लागूच नये म्हणून काय करता येते, याविषयी वरती कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते.

कळा सुरू झाल्यापासून बाईला पाठीवर झोपवून ठेवू नये. तिला चालू द्यावे, कुशीवर वळू द्यावे, पाणी व पेज घेऊ द्यावी आणि दर दोन-तीन तासांनी लघवीला न्यावे, कारण भरलेले मूत्राशय डोक्याची वाट अडवते. पिशवीचे तोंड पूर्ण उघडण्याआधी "जोर कर, जोर कर" म्हणून ओरडणे हा आपल्याकडचा सर्वांत मोठा दोष आहे. त्याने बाई दमते आणि जेव्हा खरा जोर लागतो तेव्हा अंगात त्राण उरत नाही. पोटावर हाताने किंवा कोपराने दाब देऊन बाळ खाली ढकलण्याचा प्रकार मी पुष्कळ पाहिला आहे. जागतिक आरोग्य संघटना त्याची शिफारस करत नाही, आणि माझ्या मते व्यवस्थित लावलेल्या व्हॅक्यूमपेक्षा हा दाब अधिक भीतिदायक आहे. कोणी तसे करू लागले, तर सोबतच्या बाईने नम्रपणे पण ठामपणे थांबवावे.

सोबतचे महत्त्व मी किती सांगू! कळा देणाऱ्या बाईजवळ तिचे माणूस सतत असले, तर उपकरणाची आणि सिझरची गरज कमी पडते, हे अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. सरकारी रुग्णालयांत अशी सोबतीण आत घेण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये परवानगी दिली. ती स्वतः बाळंतपण अनुभवलेली आणि धीराची बाई असावी. आपल्या भागात तिला दोन्ही भाषा येत असतील तर फारच उत्तम, कारण ऐन कळेत सिस्टर कन्नडमधून सांगते आणि बाई मराठीत "आई गं" म्हणत असते, तेव्हा मध्ये एक माणूस लागतेच.

संमतीपत्राविषयी आपण जे लिहिले ते अगदी खरे आहे. ‘हेरिगे’ म्हणजे बाळंतपण, ‘ओप्पिगे’ म्हणजे संमती आणि ‘शस्त्रचिकित्से’ म्हणजे शस्त्रक्रिया, एवढे शब्द ओळखीचे झाले तरी कागदाचा विषय कळतो. पण तेवढ्यावर सही करू नका. तो कागद पुढच्या तपासणीच्या दिवशीच मागून घ्या, दोन्ही भाषा वाचणाऱ्या माणसाकडून ओळ न ओळ समजून घ्या, आणि समजावून सांगणे हे रुग्णालयाचेच काम आहे, ती आपल्यावरची मेहेरबानी नव्हे. संमती तुमच्या पत्नीची असते. नवऱ्याची किंवा सासऱ्यांची सही झाली म्हणून तिला विचारायचे राहू नये.

शेवटी अंतराचे बोलते. व्हॅक्यूम हा प्राथमिक प्रसूतिसेवेचाच भाग मानला जातो, त्यामुळे डोके अगदी दाराशी आलेले असेल तर लहान रुग्णालयातही तो लावता येतो. सिझर आणि रक्त मात्र मोठ्या ठिकाणीच मिळते. म्हणजे व्हॅक्यूम जमला नाही तर पुढे काय, याचे उत्तर त्याच इमारतीत असायला हवे. कणकुंबीचा पाऊस मला ठाऊक आहे. मृग लागल्यावर त्या रस्त्यावर रात्री गाडी काढण्याची वेळ पहिलटकरणीवर आणू नका. १०८ ची गाडी येते, पण तिलाही त्याच पावसातून यावे लागते.

खानापूरचा वाचक

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल मी आणि पत्नी दोघेही ऋणी आहोत. सर्व उत्तरे मी तिला फोनवरून वाचून दाखवली. निपाणीच्या ताईंचे वाचताना ती काही वेळ बोलली नाही, आणि मग म्हणाली की हे कळले ते बरे झाले, न कळता झाले असते तर मी स्वतःलाच दोष देत राहिले असते. डॉक्टरसाहेब, तिचा एकच प्रश्न उरला आहे. व्हॅक्यूम निसटला किंवा बाळ आले नाही, तर लगेच चिमटा लावतात का?

स्त्रीरोगतज्ज्ञ, बेळगाव

प्रत्येक ओढीबरोबर डोके खाली आलेच पाहिजे. साधारणपणे तीन कळांच्या ओढीत बाळ बाहेर येण्याच्या बेतात नसेल, किंवा वाटी दोनदा निसटली, तर थांबावे, असा संकेत आहे. एकामागून एक दोन्ही उपकरणे वापरल्यास बाळाला इजा होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे व्हॅक्यूमनंतर चिमटा क्वचितच, म्हणजे डोके अगदी तोंडाशी आलेले असेल आणि अनुभवी हात हजर असेल तरच लावला जातो. एरवी सिझेरियन करतात. चिमट्याचा सराव असलेले डॉक्टर आता कमी होत चालले आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते, म्हणून आपल्या डॉक्टरांना त्यांचा हात कोणत्या उपकरणावर बसला आहे हे निःसंकोच विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येणार नाही. बाळंतपणाच्या वेळी बालरोगतज्ज्ञ हजर असतील का आणि बाळाला के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले जाईल ना, हेही विचारून ठेवा. उपकरणाने बाळंतपण झाल्यास ६ तासांच्या आत आईला प्रतिजैविकाचा एक डोस शिरेतून देण्याची शिफारस आहे. २०१९ मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत त्यामुळे जंतुसंसर्ग बराच कमी झाल्याचे दिसून आले. आणि पत्नीला हेही सांगा की एकदा उपकरण लागले म्हणून पुढच्या वेळी लागतेच असे नाही. बहुतेक स्त्रियांचे पुढचे बाळंतपण त्याशिवायच होते.

खानापूरचा वाचक

आज बेळगावला जाऊन आलो. या वेळी प्रश्न कागदावर लिहून नेले होते आणि डॉक्टरांनी ते शेवटपर्यंत ऐकले. त्या स्वतः बहुतेक वेळा व्हॅक्यूमच वापरतात, शस्त्रक्रियागृह त्याच मजल्यावर आहे आणि बालरोगतज्ज्ञांना आधीच बोलावून घेतात, असे त्यांनी सांगितले. त्यांनी व्हॅक्यूमची वाटी पत्नीच्या हातात दिली. ती बराच वेळ तिने बोटांनी दाबून पाहिली. सिस्टरनी संमतीपत्रातील प्रत्येक परिच्छेद मराठीत सांगितला आणि पत्नीने प्रत्येकाखाली आपल्या अक्षरात त्याचा अर्थ लिहून घेतला. नकाराचे पत्र आम्ही लिहिलेले नाही. त्याऐवजी, बाळाचे डोके वर असल्यास उपकरण लावू नये आणि लावण्यापूर्वी पत्नीला सांगावे, एवढे तिने फायलीत लिहून द्यायला सांगितले आणि डॉक्टरांनी ते लिहिले.

सासूबाईंनी वाटी पाहिली, तरी त्यांची भीती पूर्ण गेलेली नाही आणि ते मी समजू शकतो. आत सोबतीला माझी थोरली बहीण जाईल. ती दोन मुलांची आई आहे आणि लग्नानंतर बैलहोंगलला राहत असल्यामुळे तिचे कन्नड उत्तम आहे. काल रात्रीपासून कणकुंबीकडे पाऊस लागला आहे. शुक्रवारी आम्ही पत्नीला बेळगावात वडगावला माझ्या आत्याकडे आणत आहोत आणि बाळंतपण होईपर्यंत ती तिथेच राहील.